आत, बाहेर, मोकळं

१

टिक… टिक… टिक…

तापलेलं लोखंड निवायला लागलं की असा आवाज करतं. चुलीवरून उतरवलेला तवासुद्धा करतो. व्हर्लिन स्टेमीच्या कानावरून तो आयुष्यात हजार वेळा गेला असेल, पण त्याने तो खरा ऐकला एकदाच. १९५८ च्या सप्टेंबरात, कटलर गॅपच्या मोटारशर्यतीत, मातीच्या ट्रॅकवर, तिसऱ्या वळणाच्या आतल्या बाजूला.

त्याच्या धाकट्या भावाची, लोन्झोची, गाडी उलटी पडली होती. चाकं वर. धुरळा अजून खाली बसला नव्हता. माणसं धावत यायची होती, ओरडा सुरू व्हायचा होता. मधल्या तेवढ्याशा रिकाम्या वेळात फक्त इंजिन वाजत होतं. कुणीतरी बोटाने टेबल वाजवत वाट बघत बसावं तसं.

व्हर्लिन गाडीपासून वीस पावलांवर उभा होता. त्याचा उजवा हात डोक्याच्या वर होता, पंजा उघडा. तो खाली घ्यायला हवा, हे त्याला बऱ्याच वेळाने सुचलं.

२

लोन्झोच्या मागे तीन वर्षांचा पोर राहिला. कॉय. त्याची आई वर्षाच्या आत टेनेसीत दुसरा संसार मांडायला गेली, आणि पोर व्हर्लिनच्या घरी आला. व्हर्लिनने लग्न केलं नाही. कॉयला त्याने शाळेत पोचवलं, गोवरात रात्रंदिवस मांडीवर घेतलं, आणि एकोणिसाव्या वर्षी पोराने बापाचाच चौतीस नंबर गाडीवर रंगवला तेव्हा रंगाचा डबाही त्यानेच धरला. नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नको का, हे सांगावं लागलं असतं.

त्यानंतर बावीस वर्षं कॉय गाड्या पळवत होता. आधी डोंगरातले छोटे ट्रॅक, मग दोन हंगाम मोठ्या शर्यतींत, तिथे मागच्या रांगेत धूर खाल्ला, मग परत डोंगरात. दोनदा बरगड्या मोडल्या, एकदा घोटा. लोकांना त्याचं नाव माहीत होतं, पण "तो लोन्झोचा पोरगा" एवढंच.

आणि या सगळ्या वर्षांत व्हर्लिन त्याचा स्पॉटर होता. प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या छपरावर उभं राहायचं, गळ्यात दुर्बीण, कानावर रेडिओ, अंगठा बटणावर. पट्ट्यांनी आवळलेल्या ड्रायव्हरला मान वळवता येत नाही. बाजूला कोण आहे ते त्याला छपरावरून सांगायचं.

"आत. अजून आत. बाहेर. मोकळं."

बस, एवढेच शब्द. पण 'मोकळं' हा शब्द कानावर आला की ड्रायव्हर बघत नाही, विचार करत नाही, गाडी वळवतो. ताशी दीडशे मैलांवर माणूस दुसऱ्या माणसाच्या जिभेवर बसलेला असतो.

१९९६ चा हंगाम सुरू झाला तेव्हा व्हर्लिन सदुसष्टचा होता. छपराच्या पायऱ्या चढताना तो दोनदा थांबे. गाडीचा मिस्त्री हॉइट खालून ओरडे, "काका, हळू! एकदम वरच पोचाल!"

"वर गेलो तर तुझी तक्रार करीन," व्हर्लिन सावकाश म्हणे.

एप्रिलमधल्या शर्यतीत कॉय तिसरा आला. घामाने भिजलेला, हेल्मेट काखेत मारून तो आला आणि त्याने व्हर्लिनच्या खांद्यावर थाप मारली.

"काका, त्या निळ्या गाडीचं बरं वेळेवर सांगितलंस! आत घुसला होता लेकाचा. मला तर पत्ताच नाही."

"हं," व्हर्लिन म्हणाला.

त्याने कुठलीच निळी गाडी पाहिली नव्हती.

३

त्याला कारण माहीत होतं, म्हणजे अर्धं माहीत होतं. हिवाळ्यापासून त्याच्या डाव्या डोळ्यावर साय धरल्यासारखं झालं होतं. छपरावरून तिसरं वळण डावीकडे येतं. तिथे गाड्या पोचल्या की त्याला रंग दिसत, गाड्या दिसत नसत. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. त्याने ही गोष्ट घरी सांगितली नव्हती. सांगितली असती तर छपरावर दुसरा कुणी उभा राहिला असता, आणि कॉय त्या दुसऱ्याच्या जिभेवर बसला असता. ते व्हर्लिनला सोसलं नसतं.

मग निळ्या गाडीचं कुणी सांगितलं?

मीच सांगितलं असणार, त्याने मनाशी ठरवलं. जीभ सवयीची आहे. चाळीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईचे हात झोपेतही हलतात. एक डोळा गेला तरी दुसऱ्याने पाहिलं असेल आणि तोंडाने बोलून टाकलं असेल.

पुढच्या रविवारी त्याने पडताळून पाहिलं. शर्यतीच्या मध्यावर त्याने रेडिओ पट्ट्याला अडकवला आणि दोन्ही हात खिशात घातले. तोंड मिटलं. दात दातांवर ठेवले. गाड्या तिसऱ्या वळणाच्या त्या दुधाळ धुक्यात शिरत, बाहेर पडत. फार नाही, चार फेऱ्या. त्या चार फेऱ्यांत त्याचा सदरा पाठीला चिकटला.

कानात कुणीही बोलत नव्हतं. फक्त गाड्या तिकडे गेल्या की बारीक आवाज येई.

टिक. टिक. टिक.

कॉय ती शर्यत जिंकला. सहा वर्षांनी.

"बापरे काका," तो रेडिओवर हसत, धापा टाकत म्हणाला, "आज तू काय बोलत होतास! एका श्वासात आत-बाहेर, आत-बाहेर. चार फेऱ्या मी डोळे मिटून गाडी चालवली असती तरी चाललं असतं!"

व्हर्लिनचे हात अजून खिशातच होते.

४

जूनमध्ये कॉय आणखी दोन शर्यती जिंकला. पेपरात पहिल्यांदाच त्याचं नाव बापाच्या नावाशिवाय आलं. त्याच्या बायकोने, आर्डिथने, ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं. जाता-येता कॉय त्याच्याकडे चोरून बघायचा आणि आपण बघत नाही असं दाखवायचा. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, पण बघताना अगदी तीन वर्षांचा दिसायचा.

मंगळवारी दुपारी तिघं स्वयंपाकघरात बसून उकडलेल्या शेंगा खात होते. टेबलावर टरफलांचा ढीग. हॉइटने व्हर्लिनचा रेडिओ उघडून पाहिला होता. काही बिघाड नव्हता.

"बॅटऱ्या तरी बदला," आर्डिथ म्हणाली. ती खाली पिटमध्ये, गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागेत, कानाला रेडिओ लावून बसे आणि फेऱ्यांची वेळ घेई. "मधूनच तुमचा आवाज वेगळा येतो."

"वेगळा कसा?"

"तरुण," कॉय शेंग दाताने फोडत म्हणाला. "तुझाच आहे, काका. अस्साच ओढून बोलतोस. पण तिशीतला वाटतो. मला आवडतो तो. त्याला म्हणावं रोज ये."

आर्डिथ हसली. "म्हातारपणी आवाज परत आला, तसे केसही मागून घ्या."

व्हर्लिनही हसला. मग उठून परसात गेला आणि कोंबड्यांच्या जाळीला धरून उभा राहिला.

तिशीतला. म्हणजे एकोणतीसचा.

तेव्हा रेडिओ नव्हते. ट्रॅकच्या आतल्या गवतात व्हर्लिन उभा राहायचा आणि हाताने खुणा करायचा. मूठ म्हणजे थांब. उघडा पंजा वर म्हणजे मोकळं, वरून, भिंतीच्या बाजूने काढ. त्या दिवशी तिसऱ्या वळणात एक गाडी आडवी झाली होती, धुरळ्यामागे, भिंतीला लागून. व्हर्लिन त्या वेळी मागे वळून कुणाच्या तरी थट्टेला हसत होता. कुणाच्या, तेही त्याला आता आठवत नाही. लोन्झोचं इंजिन जवळ आल्याचं ऐकू आलं, आणि न बघता, सवयीने, हात वर गेला. पंजा उघडा.

लोन्झोने तो पाहिला. पाहिला, म्हणूनच गाडी वर घेतली.

लोक म्हणाले, धुरळ्याने घात केला. व्हर्लिन काही म्हणाला नाही. अडतीस वर्षं काही म्हणाला नाही.

आता तो एकोणतीस वर्षांचा माणूस त्याच्याच आवाजात त्याच्या पोराशी बोलत होता. बरोबर सांगत होता, अजून तरी. पण त्या माणसाचा शेवटचा शब्द कोणता होता, हे साऱ्या जगात एका व्हर्लिनलाच माहीत होतं.

५

"कॉय, ऑक्टोबरची शर्यत सोड."

गॅरेजमध्ये गाडीखाली झोपलेला कॉय सरपटत बाहेर आला. गालावर ग्रीस. "काय?"

"कटलर गॅपची. नको जाऊस."

"काका, ती शेवटची आहे. ती काढली की हंगाम माझा. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग मी आपणहून गाडी सोडणार आहे, आर्डिथला शब्द दिलाय." तो उठून बसला. "बाबांची जागा म्हणून म्हणतोस का? आता तिथे माती नाही, डांबर आहे. तिथे धुरळाच नाही, काका."

व्हर्लिनने ओठ ओले केले. आता सांगायचं, असं तो दाराशी उभा राहून ठरवून आला होता. अगदी शब्दसुद्धा जुळवले होते. पण कॉय खालून त्याच्याकडे बघत होता, गोवरात बघायचा तसाच. ज्याच्या मांडीवर आपण सुखरूप आहोत अशी खात्री असते, त्याच्याकडे माणूस तसं बघतो.

"तो तरुण आवाज," तो म्हणाला, "तो मी नाही."

कॉयने गालावरचं ग्रीस बाहीला पुसलं. मग हळूच म्हणाला, "दुसऱ्या कुणाचा रेडिओ घुसत असेल. नाहीतर कुणीतरी टवाळ. छपराखाली शंभर जण कानाला यंत्रं लावून आपलं बोलणं ऐकतातच की."

"असेल. त्याचं ऐकू नकोस. आपण एक खूण ठेवू. मी बोलताना आधी एक शब्द म्हणेन. तो शब्द नसला, तर तो मी नाही."

"कोणता शब्द?"

व्हर्लिनला दुसरं काही सुचेना. "शेंगा."

कॉय इतका हसला की डोकं गाडीच्या दाराला आपटलं. "शेंगा, मोकळं! लोक म्हणतील, स्टेमींचा म्हातारा छपरावर खायलाच जातो."

पण त्याने खूण ठेवली. आणि त्या दिवसापासून दुसरा आवाज बंद झाला. चार शर्यती झाल्या, एकदाही आला नाही. कानातली टिकटिकही थांबली.

फक्त कॉयची गाडी दर वेळी उजव्या बाजूने चेपून यायला लागली. जिंकणं थांबलं. हंगामाच्या एकूण गुणांत तो जेमतेम पहिला राहिला.

"काका, डोळे दाखवून आलात का?" आर्डिथने एकदा भांडी पुसता पुसता विचारलं. थट्टेने नव्हे.

"आलो."

"मग?"

"ठीक आहेत म्हणाले."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पुसलेलीच बशी पुन्हा पुसली.

६

कटलर गॅप. तेरा ऑक्टोबर, रविवार, दुपार. पानगळीच्या रंगाने डोंगर लाल झाले होते. पाद्रींची प्रार्थना भोंग्यावरून झाली, टोप्या डोक्यावर परतल्या, इंजिनं सुरू झाली.

व्हर्लिनने छपराच्या त्रेचाळीस पायऱ्या चढताना तीनदा विसावा घेतला. वर पोचल्यावर त्याने उजव्या डोळ्याला दुर्बीण लावून तिसऱ्या वळणाची आतली बाजू पाहिली. गवत. एक पाण्याचं पिंप. बाकी काही नाही. वेड्या, तो स्वतःला म्हणाला, काय शोधतोस?

"शेंगा," त्याने बटण दाबून म्हटलं. "ऐकू येतंय?"

"पोटभर," कॉयचा आवाज आला. "काका, आज संध्याकाळी मी रिकामटेकडा माणूस असेन. मासे पकडायला जाऊ."

"जाऊ."

दोनशे फेऱ्या. एकशे ऐंशीपर्यंत कॉय दुसरा होता. एकशे एक्याण्णवला पहिला झाला. खालून हॉइटचं हसणं कानात घुसत होतं. व्हर्लिनचा घसा शेंगा शेंगा म्हणून कोरडा पडला होता. एकशे शहाण्णवाव्या फेरीत तिसऱ्या वळणावर एका मागे पडलेल्या गाडीचं इंजिन फुटलं. तेल सांडलं, पांढरा धूर उठला, आणि तो धूर धुरळ्यासारखाच जमिनीवर बसून राहिला. त्याच्यामागे काय आहे ते दिसेना. एक गाडी धुरात गेली होती. बाहेर आली की नाही, ते व्हर्लिनला कळेना.

मग कानात सुरू झालं.

टिक. टिक. टिक.

त्याने दुर्बीण फिरवली. पाण्याच्या पिंपाशेजारी गवतात एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, सडपातळ. चेहरा धुराने पुसलेला. त्या उभं राहण्याची ओळख व्हर्लिनला पटली, आरशात पटते तशी. पण त्या माणसाचा हात वर नव्हता. दोन्ही पंजे तोंडाभोवती धरून तो ओरडत होता. शर्यतीकडे बघून नव्हे, तर वर, छपराकडे बघून.

कॉय दुसऱ्या वळणातून बाहेर पडला होता. मागच्या सरळ पट्ट्यावर एकटा, पहिला.

व्हर्लिनने बटण दाबलं. अडतीस वर्षं अडलेलं सगळं त्याच्या घशाशी आलं. मी पाहिलं नव्हतं, कॉय. मी तुझ्या बापाला हात दाखवला आणि मी पाहिलंच नव्हतं. त्याचं ऐकू नकोस, ब्रेक मार. तो बोलला. बोलला हे नक्की. जबडा हलल्याचं, श्वास संपल्याचं त्याला जाणवलं.

चौतीस नंबर क्षणभर वर गेला, भिंतीकडे, धुराच्या तोंडाशी. मग एकाएकी त्याचं नाक दबलं, शेपूट फिरलं, आणि गाडी पाठीमागून भिंतीवर आदळली. तो आवाज छपराच्या पत्र्यातून व्हर्लिनच्या तळव्यांत आला. धूर थोडा हलला. त्याच्या मागे, भिंतीला लागून, एक गाडी आडवी उभी होती. कॉय सरळ गेला असता तर तिच्या दारात शिरला असता.

पिंपाजवळ आता कुणी नव्हतं.

ड्रायव्हर शुद्धीवर असला की खिडकीची जाळी खाली टाकतो. मी आहे, एवढं सांगायला. व्हर्लिन जाळीकडे बघत राहिला. खाली पाच हजार माणसं उभी होती आणि एकही बोलत नव्हतं. मदतीची गाडी निघाली. जाळी तशीच. कानाला यंत्रं लावलेले काही जण मात्र ट्रॅककडे बघत नव्हते. एकेक करून ते मान वळवून वर, छपराकडे, त्याच्याकडे बघायला लागले होते.

जाळी खाली पडली.

व्हर्लिन पत्र्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

७

पायऱ्या उतरायला त्याला फार वेळ लागला. गाडी पिटमध्ये आणून टाकली होती, मागचा भाग चुरडलेला. हॉइट तिच्यापाशी पाठ करून उभा होता. त्याने वळून पाहिलं नाही. कॉय रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसला होता, डावा हात गळ्यात बांधलेला. आर्डिथ आडवी आली. रेडिओ अजून तिच्या गळ्यात लोंबत होता.

"कॉयने त्या आवाजाचं ऐकलं नाही ना?" व्हर्लिन म्हणाला. "मी सांगितलं म्हणून ब्रेक मारला ना?"

"तुम्ही काय सांगितलंत, काका?"

"लोन्झोचं. सगळं. तुम्हाला ऐकू आलं असेल."

"आलं." ती एकेक शब्द जपून ठेवत होती. "सगळं आलं. पण ते तुम्ही नव्हता. तो तरुण होता. रडत होता तो. मी पाहिलंच नव्हतं म्हणाला, ब्रेक मार म्हणाला." तिने श्वास घेतला. "त्याच्या आधी तुम्ही बोललात."

"मी?"

"'शेंगा, मोकळं. वरून काढ.' अगदी रोजच्यासारखं. हा तुमचा आवाज होता, आत्ता बोलताय तोच. कॉयने तो शब्द ऐकला म्हणून गाडी वर घेतली."

व्हर्लिनने आठवायचा प्रयत्न केला. जबडा हलला होता. श्वास संपला होता. कोणत्या शब्दांवर संपला, ते त्याला जिभेवर चाचपून पाहायचं होतं, पण जिभेवर काहीच उरलं नव्हतं.

कॉय उठला. सावकाश, एकेक पाऊल टाकत जवळ आला. कपाळावर काजळी, तिच्यात घामाच्या रेघा.

"पोरा," व्हर्लिन म्हणाला.

मागे चुरडलेली गाडी निवत होती. टिक. टिक. टिक.

कॉय त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, जरा वर बघत होता. व्हर्लिननेही तिकडे पाहिलं. त्याचा स्वतःचा उजवा हात डोक्याच्या वर होता, पंजा उघडा. तो कधी वर गेला, त्याला कळलं नव्हतं. तो खाली घ्यावा असं त्याने मनात आणलं. हात हलला नाही.

कॉय त्या पंजाकडे बघत राहिला. मग त्याने आर्डिथच्या खांद्यावर भार टाकला, पाठ फिरवली, आणि चालत गेला.